कार्यशाळेतला भंगाराचा डबा आधी पाहा

वाचकाचे पत्र (संक्षिप्त) : माझी मुलगी नाशिकच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीत शिकते. नववीपासून दुसऱ्या भाषेच्या जागी ‘मल्टी स्किल’ हा व्यवसाय विषय घेता येईल, असे पत्रक शाळेने दिले आहे, आणि मुलीला तो घ्यायचाच आहे. वर्गशिक्षिका म्हणतात, मुलगी हुशार आहे, संयुक्त संस्कृतचे हमखास गुण कशाला घालवता? मी स्वतः आयटीआयचा टर्नर, २२ वर्षे अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो, सध्या व्हीएमसीवर (संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या मिलिंग यंत्रावर) सेटर आहे. माझे हात काळे झाले ते झाले, तिचे होऊ नयेत एवढीच इच्छा. मागच्या महिन्यात एका नव्या इंजिनिअरने पॉकेटचा, म्हणजे धातूत कोरायच्या खोलगट भागाचा, आतला कोपरा अगदी टोकदार काटकोनात दाखवलेले ड्रॉइंग पाठवले, तेव्हा असे होत नसते हे मीच त्याला समजावले. पण केबिन त्याची आहे, माझी नाही. मुलगी घरातला मिक्सरही उघडून बसते. तिला अडवावे की उघडू द्यावे? विषयाचा अर्ज महिनाअखेरीस द्यायचा आहे.
— एक पालक, सिडको, नाशिक

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्या वाचनात त्या ड्रॉइंगच्या वाक्यापाशी थांबलो. एंड मिल हे कापणारे हत्यार गोल फिरते, त्यामुळे पॉकेटच्या आतल्या कोपऱ्यात ती निदान स्वतःच्या त्रिज्येइतकी गोलाई सोडणारच; तिथे टोकदार कोपरा हवाच असेल, तर दुसरी एखादी प्रक्रिया लावावी लागते किंवा ड्रॉइंग बदलावे लागते. आपण हे मशीनजवळ उभे राहून शिकलात. त्या तरुणाने चार वर्षे अभियांत्रिकी केली, परंतु कापणारे हत्यार कोपऱ्यात कसे वळते, हे पाहण्याची वेळ त्याच्यावर बहुधा आलीच नाही. केबिन त्याला मिळाली याची आपल्याला वाटणारी खंत मी समजू शकतो, आणि ती चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. मात्र आपल्या मुलीने केबिनमध्ये बसावे असे आपल्याला वाटत असेल, तर ड्रॉइंग परत येणार नाही अशा इंजिनिअरच्या केबिनमध्ये तिने बसावे, एवढी भर मी त्या इच्छेत घालीन.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. शाळेतला व्यवसाय विषय आणि आयटीआय या दोन गोष्टी आपल्या मनात एकमेकींत मिसळल्या आहेत, असे पत्रावरून दिसते. आपण आयटीआयमध्ये दिवसचे दिवस लेथवर उभे राहिलात आणि बाहेर पडताना हातात एक धंदा घेऊन आलात. नववी-दहावीच्या विषयाला आठवड्यातले मोजकेच तास मिळतात. त्यातून कोणी टर्नर होत नाही, वायरमनही होत नाही, आणि ‘दहावीनंतर लगेच नोकरी’ असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याखाली शिकवल्या जाणाऱ्या या विषयाचा खरा उपयोग वेगळा आहे : चार प्रकारची कामे स्वतः करून पाहणे, हत्यारांची ओळख होणे, आणि आपण गणित-विज्ञानात जे लिहितो ते कोठे तरी लागू पडते याचा अनुभव येणे. हा विषय घेतला म्हणून अकरावी विज्ञानाचे दार बंद होत नाही. डिप्लोमाचे होत नाही, आयटीआयचेही होत नाही. शिवाय दोन वर्षांचा आयटीआय करून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आणि डिप्लोमा करून अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट जाण्याचे मार्ग आहेत, हे आपल्याला कंपनीतल्या सहकाऱ्यांमुळे ठाऊक असेलच. कोणत्या विषयाच्या जागी हा विषय घेता येतो आणि पुढच्या प्रवेशाच्या वेळी त्याचे गुण कसे धरले जातात, हे मात्र मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या. तोंडी उत्तरावर राहू नका.

गुणांचे म्हणाल, तर संयुक्त संस्कृत ‘स्कोअरिंग’ असते हे खरे आहे, आणि वर्गशिक्षिका मुलीच्या हिताचेच बोलत आहेत. त्यांच्या बोलण्यातला ‘हुशार आहे’ हा शब्द मात्र मला खटकला. हुशार मुलांनी भाषा घ्यावी आणि ज्यांना जमत नाही त्यांनी पाना-पक्कड घ्यावी, ही वाटणी आपल्या शाळांत इतकी मुरलेली आहे, की चांगल्या शिक्षकांच्याही ती लक्षात येत नाही.

ही वाटणी मोडण्याचे प्रयत्न आपल्याकडे कमी झालेले नाहीत, आणि त्यांतले काही आपल्या महाराष्ट्रातच झाले. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी उद्योगाच्या आधारे शिक्षण देण्याची कल्पना मांडली. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. आपण चाळिशीचे असाल, तर त्या कार्यानुभवाचा तास आपल्यालाही आठवत असेल : खडू, फिनेल, कागदी फुले, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री आईने शिवून दिलेला रुमाल. शिफारस चांगली होती; तिचा रुमाल झाला. पुढे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या अवर्षणग्रस्त गावी विज्ञान आश्रम सुरू केला आणि तिथून ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय माध्यमिक शाळांत गेला. आठवडाभर शाळेत शिकणाऱ्या मुलांनी त्यातला एक दिवस कामासाठी द्यायचा, आणि ते काम अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य या चारही विभागांत करायचे, अशी त्याची रचना होती. म्हणजे एकाच मुलीने वेल्डिंगही करायचे, मातीही तपासायची आणि रक्तातले हिमोग्लोबिनही मोजायचे. शिवाय मुलांनी जे करायचे ते गावातल्या कोणाला तरी हवे असले पाहिजे, हा त्यातला मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण ज्याला गिऱ्हाईक आहे ते काम रुमालावर भागत नाही. आपल्या शाळेचा ‘मल्टी स्किल’ विषय याच घराण्यातला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२५ पर्यंत निदान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यावसायिक शिक्षणाची ओळख व्हावी असे उद्दिष्ट ठेवले होते. कागदावर या विषयाला आता पूर्वीपेक्षा बरे दिवस आले आहेत. कागदाबाहेर काय आहे, ते शाळेगणिक बदलते, आणि आपला निर्णय त्यावरच अवलंबून आहे.

म्हणून ‘विषय घ्यावा का’ या प्रश्नाआधी ‘आपल्या शाळेत हा विषय खरोखर चालतो का’ हा प्रश्न विचारा. त्याचे उत्तर पत्रकात मिळणार नाही. एखाद्या शनिवारी शाळेत जा, कार्यशाळा दाखवा म्हणा, आणि आत गेल्यावर भिंतीवरचे तक्ते, सनमायकाची टेबले, हत्यारांचे चकचकीत फलक यांकडे फार पाहू नका. भंगाराचा डबा कोठे आहे ते विचारा. जिथे मुले काम करतात तिथे चुकलेले काम असतेच : तिरके कापलेले पाइपचे तुकडे, चर पडलेले प्लायवुड, इन्सुलेशनबरोबर तांब्याच्या ताराही कापल्या गेलेली वायर, डोके घासलेले स्क्रू. मी एका तांत्रिक विद्यालयात बरीच वर्षे कार्यशाळा शिकवली आहे आणि अनेक शाळांत परीक्षक म्हणून गेलो आहे. डबा रिकामा आणि स्वच्छ असला, तर तिथे वर्षभर वही भरण्याचे काम झाले, असे मी समजत असे आणि सहसा चुकत नसे. एका शाळेत तर कार्यशाळेच्या खोलीत निवडणुकीचे साहित्य दोन वर्षे पडून होते, आणि मुलांच्या वहीत मात्र बेंच व्हाइसच्या आकृत्या लाल शाईने बरोबर केलेल्या होत्या.

हत्यारे पाहायचीच असतील तर जवळून पाहा. आपल्याइतके ते कोणाला कळणार? कानशीच्या दातांत लोखंडाचा बारीक चुरा अडकलेला आहे का, की ती कारखान्यातून आली तशीच तेलकट आहे? हॅकसॉचे पाते मधल्या भागात बोथट झाले आहे का? व्हाइसचा दांडा मुलांच्या हातांनी गुळगुळीत झाला आहे का? नव्या शाळांत याच्या जोडीला अटल टिंकरिंग लॅब असू शकते. नीती आयोगाच्या या योजनेत निवड झालेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि त्यातून थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, मायक्रोकंट्रोलर असे साहित्य येते. तिथेही परीक्षा तीच. प्रिंटरशेजारी अर्धवट छापून बिघडलेले, वाकडे झालेले तुकडे पडलेले असले, तर समाधान माना. प्रिंटरवर प्लास्टिकचे आवरण असले आणि त्याची किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात असली, तर त्या लाखांचा मुलांना काही उपयोग नाही.

भंगारानंतर माणसाची चौकशी करा. व्यवसाय विषयाचे शिक्षक अनेक ठिकाणी कंत्राटी असतात आणि वर्षाच्या मध्यातच बदलतात किंवा महिनोन्‌महिने येतच नाहीत. गेल्या वर्षी शिक्षक किती महिने होते, आणि मुलांनी गेल्या वर्षी केलेल्या वस्तूंपैकी कोणती आज वापरात आहे, एवढे दोन प्रश्न पुरे. ‘त्या वऱ्हांड्यातल्या ट्यूबलाइटची वायरिंग दहावीच्या मुलींनी केली’ असे कोणी बोट दाखवून सांगितले, तर आपला निर्णय जवळपास झाला असे समजा. ‘सगळे प्रदर्शनात ठेवले होते’ असे उत्तर आले, तर पुढचे प्रश्न विचारा.

अशा चालू कार्यशाळेत आपल्या मुलीला काय मिळेल, हे सांगताना मला एक मुलगी आठवते. नववीतली होती, एमएस फ्लॅटचा, म्हणजे साध्या पोलादी पट्टीचा, तुकडा घासून दोन बाजू काटकोनात आणायच्या, एवढेच काम होते. तिने कानस मारली, गुण्या (काटकोन तपासायचे साधन) लावला आणि तुकडा खिडकीकडे धरला. गुण्याच्या पात्याखालून उजेडाची बारीक रेघ दिसत होती, केसाहूनही बारीक. तिने पुन्हा घासले, तर रेघ दुसऱ्या टोकाला गेली. दोन तास ती त्या रेघेमागे होती आणि शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाली, “सर, पुस्तकात नव्वद अंश एका सेकंदात काढता येतात.” मी काही बोललो नाही. पुढच्या आठवड्यात तिने येऊन कोपरा आधी कोठे उंच आहे ते खडू लावून शोधले, तेवढाच भाग घासला, आणि वीस मिनिटांत रेघ गेली. काटकोन म्हणजे काय हे तिला आधीही येत होते. तो आणायला किती कष्ट पडतात आणि चूक शोधण्याचीही एक रीत असते, हे तिला त्या खिडकीपाशी कळले.

गणित-विज्ञानाचा अभ्यास मागे पडेल, ही भीती मला म्हणूनच फार वाटत नाही. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर लाल एलईडी लावायचा आहे, असे काम घ्या. एलईडी साधारण दोन व्होल्ट घेतो, उरले सात; वीस मिलिअँपिअर विद्युतधारा हवी, तर ओहमच्या नियमाने ३५० ओहमचा रोध लागेल. वहीत उदाहरण इथे संपते. मुलगी एमजी रोडवरच्या दुकानात गेली, की तिला कळते की ३५० चा रोध सहसा मिळत नाही; ३३० चा मिळतो किंवा ३९० चा. कोणता घ्यावा? ३३० घेतला तर धारा थोडी वाढते, ३९० घेतला तर प्रकाश किंचित कमी पण एलईडी निवांत. हा विचार ज्या मुलीने एकदा केला, तिला ओहमचा नियम पुन्हा पाठ करावा लागत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या द्राक्षपट्ट्यात तर हे रोज चालते. निफाड-दिंडोरीकडची शेतकऱ्यांची मुले घडांसाठी जीएचे (जिबरेलिक ॲसिड या संप्रेरकाचे) द्रावण करताना १०० लिटर पाण्यात एक ग्रॅम म्हणजे १० पीपीएम (दहा लाखांत दहा भाग) हा हिशेब तोंडी करतात, आणि तीच मुले वर्गात प्रमाणाच्या उदाहरणावर अडतात. दोन्ही गणिते एकच आहेत, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

आता आपल्या हातांविषयी. आपण ‘हात काळे झाले’ असे लिहिता, आणि त्यामागे केवळ ऑइल नाही हे मला दिसते. पाळ्या, पगारवाढीची वाट, आपल्याहून कमी जाणणाऱ्याचे ऐकून घेणे, हे सगळे त्या काळेपणात आहे. ही तक्रार कामाच्या किमतीविषयी आहे, कामाविषयी नाही, आणि दोन्ही गोष्टी मुलीसमोर एकाच शब्दात बोलल्या तर ती कामालाच हलके समजू लागेल. तिच्यासमोर आपण वर्नियरविषयी कधी बोललात का? शाळेतल्या मुलांना वर्नियर कॅलिपर हे बारीक मोजमापाचे साधन चित्रात दिसते आणि लघुतम माप सूत्राने काढता येते, आपण ०.०२ मिलिमीटरची रेघ रोज डोळ्यांनी जुळवता. एका रविवारी तिला पोह्यांच्या डब्याचा पत्रा, स्टीलचा चमचा आणि डोक्यावरचा एक केस मोजायला लावा. मला वाटते, त्या रविवारनंतर ‘बाबा कंपनीत काय करतात’ याचे तिचे उत्तर बदलेल.

मुलगी आहे म्हणून आपण काही लिहिलेले नाही, पण नातेवाईक बोलतील म्हणून सांगतो. वेल्डिंगचा चष्मा, केस बांधणे, ओढणी न घेता ॲप्रन घालणे, फिरत्या यंत्राजवळ हातमोजे न घालणे, हे नियम मुलींना लागतात तसे मुलांनाही लागतात, आणि कार्यशाळेत गेल्यावर ते पाळले जातात का हे आपण एका नजरेत ओळखाल. याउपर मुलींसाठी वेगळा असा कोणताही प्रश्न माझ्या पाहण्यात आला नाही. उलट उजेडाच्या रेघेमागे दोन-दोन तास बसण्याचा धीर मला मुलींमध्येच अधिक दिसला. हे माझे मत आहे, नियम नव्हे.

तेव्हा माझा सल्ला असा : कार्यशाळा चालू असेल, शिक्षक टिकून असतील, तर विषय घेऊ द्या, आणि संस्कृतची ओढ असेल तर सुभाषिते घरी पाठ करता येतील. डबा रिकामा असेल, तर मात्र घेऊ नका. बंद कार्यशाळेतला व्यवसाय विषय हा संस्कृतपेक्षा वाईट सौदा आहे. त्यात गुणही बेताचे आणि हातही कोरडे. अशा वेळी मुलीला तसे स्पष्ट सांगा, ‘हे हलके काम आहे’ असे न सांगता ‘तुझ्या शाळेत हे काम होत नाही’ असे सांगा, कारण पहिले वाक्य खोटे आहे आणि दुसरे खरे. मग हाताचे काम घरी, आपल्याजवळच शिकू द्या; नाशिकमध्ये तिच्यासारख्या मुलीला याहून चांगला शिक्षक शोधूनही मिळायचा नाही.

राहिला मिक्सर. उघडू द्या. प्लग भिंतीतून काढून तिच्या डोळ्यांसमोर टेबलावर ठेवलेला असला पाहिजे, ही एकच अट घाला, आणि ती कधी सैल करू नका. काढलेला प्रत्येक स्क्रू मिक्सरच्या तळाच्या कागदी चित्रावर, ज्या जागेचा त्या जागी ठेवायला सांगा. मोटरच्या दोन बाजूंना कार्बन ब्रश दिसतील. ठिणग्या उडणारा किंवा मध्येच थांबणारा मिक्सर पुष्कळदा ते झिजल्यामुळेच तसा वागतो, आणि ते बदलणे तिला जमेल. मायक्रोवेव्ह, जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही आणि इन्व्हर्टर यांना मात्र हात लावू देऊ नका, कारण प्लग काढल्यानंतरही त्यांत धोक्याचा विद्युतभार शिल्लक असू शकतो. हे कारण तिला नीट समजावून सांगा, नुसते ‘नको’ म्हणू नका. आणि मिक्सर परत जोडल्यावर एखादा स्क्रू उरला, तर तो कोठला हे आपल्याला लगेच ओळखू येईल, तरी सांगू नका. पुन्हा उघडायला लावा.